विंडोज दहा : ठेवायची, बदलायची की सोडायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ला सुरक्षेच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या देणे थांबविले. तेव्हापासून आमच्या पुणतांब्यात ज्याच्या घरी जुना संगणक आहे तो आम्हाला स्टेशनच्या रस्त्यावर गाठतो आणि विचारतो, "जयभीम भाऊसाहेब, आता हा डबा भंगारात घालायचा का?"

विहाराच्या अभ्यासिकेपुढेही हाच प्रश्न आला. तेथे सहा संगणक आहेत. सगळे धम्मदानातून आलेले, त्यातले पाच तर कचेऱ्यांतून निघालेले जुने. कोपरगावच्या एका दुकानदाराने एका नजरेत निकाल दिला : सहाही टाका, नवे घ्या. म्हणजे दीड-पावणेदोन लाखांची गोष्ट. ज्या वस्तीत वर्गणीचे पन्नास रुपये दोन हप्त्यांत येतात, तेथे हा आकडा ऐकून बैठक गप्प झाली.

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते दुकानदाराच्या सल्ल्यालाही लागू आहे. कोणी जाणकार सांगतो एवढ्यावरून मानू नये, स्वतः तपासून घ्यावे. आम्ही तपासले.

पहिली गोष्ट, संगणक बंद पडत नाही. काल चालत होता तसाच आजही चालतो. फक्त त्यात नवे छिद्र सापडले तर ते बुजविणारा कोणी येणार नाही. ज्याच्यावर मुले नुसती चित्रे काढतात त्या संगणकाला याचे फारसे भय नाही. पण अभ्यासिकेत महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, सगळे त्याच यंत्रातून जाते. ज्या बाईच्या खात्यात चार हजार रुपये आहेत तिचे चार हजार गेले तर तिचे सगळेच गेले. म्हणून 'चालतंय ना, चालू द्या' हे आम्हाला मान्य नाही.

कंपनीने घरगुती वापरासाठी जादा मुदत जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तीही नोंदणी करणाऱ्यालाच. ती श्वास घेण्यापुरती आहे, उपाय नव्हे.

'विंडोज ११' वर जाणे मूळ परवाना असलेल्याला फुकट आहे, पण यंत्र त्या लायकीचे लागते. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम चालविला की यंत्र पास की नापास ते कळते. आमच्या सहांपैकी एक पास झाला, पाच नापास. नापास यंत्रावरही दोन-तीनशे रुपयांत अकरा 'बसवून देणारे' भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. तशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची कंपनी हमी देत नाही. आणि चोरीच्या प्रतीत आणखी काय भरलेले आहे ते आपल्याला दिसत नाही.

राहिला तिसरा रस्ता, लिनक्सचा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढविला. परवान्याचे पैसे नाहीत, आणि कोणीही घ्यावे, वाटावे, बदलावे. आपल्या सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाने त्याचीच भारतीय आवृत्ती काढली. आम्ही 'लिनक्स मिंट'ची हलकी आवृत्ती निवडली, कारण ती जुन्या यंत्रावर चालते आणि विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही.

बैठकीत एक मावशी उठल्या. मोलमजुरी करून दोन मुली शिकविणाऱ्या. म्हणाल्या, "साहेबलोकांच्या पोरांना विकतचं आन् आमच्या पोरींना फुकटचं, आसं का?" दुकानदाराच्या सगळ्या बोलण्यापेक्षा हा प्रश्न आम्हाला वजनदार वाटला. उतरलेले कपडे, उरलेले अन्न, बाजूला काढलेली भांडी, या सगळ्याची आठवण आमच्या समाजाला आहे. फुकट म्हटले की अंग आक्रसते, आणि ते आक्रसणे बरोबरच आहे.

परंतु लिनक्स हे कोणाचे उतरलेले नाही. इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर त्यावरच चालतात. मावशींच्या हातातल्या ॲण्ड्रॉइड फोनचा गाभाही तोच. केरळच्या सरकारी शाळांत गेली पंधराहून अधिक वर्षे मुले याच पद्धतीवर संगणक शिकतात. बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० साली काढला, आणि पुढे आपला स्वतःचा छापखानाही उभा केला. यंत्राची किल्ली आपल्या हातात असण्याला आम्ही हलके मानत नाही.

तरी मावशींचे अर्धे म्हणणे खरेच आहे. एमएस-सीआयटीचा वर्ग असो की कचेरीतली नोकरी, समोर बहुधा विंडोजच येते. आपली मुलगी तेथे जाऊन बटणे शोधत बसता कामा नये. म्हणून जो संगणक पास झाला त्यावर 'विंडोज ११' घातली, आणि त्यावर बसण्याचा पहिला हक्क टायपिंगच्या किंवा भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींचा, असा ठराव केला. गेम खेळणाऱ्या चिरंजीवांनी वाट पाहावी. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने शिकवितो. तो कळफलक विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही, त्यामुळे बोटांना दोनदा शिकावे लागत नाही.

खरी डोकेदुखी निघाली ती जुन्या कागदांची. विहाराच्या जयंतीच्या स्मरणिका, वर्षावासाची पत्रके, मंडळाची घटना, हे सगळे श्री-लिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर उघडले की ओळीच्या ओळी कचरा दिसतात, कारण त्या फॉण्टमध्ये अक्षरांचे क्रमांक ज्याचे त्याने ठरविलेले होते. युनिकोडमध्ये ते सर्वांसाठी एकच असतात. हा मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय जुने यंत्र मोडीत काढले तर वस्तीचा पंचवीस वर्षांचा इतिहास त्यासोबत जाईल. म्हणून एक संगणक 'विंडोज १०' वरच ठेवला आहे. त्याची इंटरनेटची तार काढून टाकली आहे. त्यावर रूपांतराचे काम आणि मंडळाचा हिशेब, दुसरे काही नाही. हिशेबाचे टॅलीही विंडोजचेच आहे, ते लिनक्सवर सरळ चालत नाही. जोडाक्षरे रूपांतरात हटकून चुकतात, तेव्हा प्रत्येक पान कोणीतरी वाचावे लागते.

उरलेल्या चारांवर लिनक्स जाईल. घरी बदल करू पाहणाऱ्यांनी घाई करू नये. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आतल्या फायलींना धक्का लागत नाही. तेव्हा आपला प्रिंटर चालतो का ते आधी पाहावे. काही जुने लेझर प्रिंटर हटून बसतात. अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीची किल्ली वापरणाऱ्यांनी तर हमखास पाहावे. आणि कायमचे बसविण्यापूर्वी फोटो, दाखले, सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण बसविताना डिस्क पुसली जाऊ शकते.

रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत पेनड्राइव्ह तयार करून देणार आहोत. आठ जीबीचा रिकामा आणावा, आणि घरच्या प्रिंटरचे नाव व नंबर चिठ्ठीवर लिहून आणावा. स्मरणिकांची पाने वाचायला दोन डोळस माणसे हवी आहेत, शुद्धलेखन चांगले असणाऱ्या भगिनी आल्या तर फारच बरे.