शेजारभाषेचे अगत्य
पंचतंत्रातील करटक व दमनक हे कोल्हे सहाव्या शतकात इराणला पोहोचले. खुस्रो अनुशिर्वानच्या दरबारातील बुर्झो या वैद्याने त्यांची कथा पहलवीत नेली. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या अरबी ग्रंथात ते ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. १५७० मध्ये थॉमस नॉर्थने ती कथा इटालियनवरून इंग्रजीत आणली. नावे बदलली, अरण्यातील राजनीती मात्र टिकली. हे केवळ व्यापारी मार्गांमुळे घडले नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी परभाषा कष्टाने आत्मसात केली, म्हणून घडले. आज प्रवास सुलभ झाला आहे. परंतु मराठी विद्यार्थ्याला शेजारची कन्नड वा तेलुगू शिकण्याची सोय शाळेत क्वचितच लाभते. पाठ्यक्रमात एका शेजारभाषेला ऐच्छिक विषयाचे स्थान मिळालेच पाहिजे. अन्यथा माल सीमा ओलांडील, कथा मात्र नाक्यावरच अडून राहतील.