जुना स्कूबा रेग्युलेटर ठेवायचा की नवा घ्यायचा? वयापेक्षा सुटे भाग का महत्त्वाचे?

'हेड' म्हटलं की भारतात बहुतेकांना टेनिसची रॅकेट आठवते. याच हेड समूहाने २०२५ मध्ये 'ॲक्वालंग' ही डायव्हिंगचं साहित्य बनवणारी फ्रेंच कंपनी ताब्यात घेतली. इटलीची 'मारेस' आधीपासूनच हेडकडे होती. त्यामुळे एकेकाळचे दोन स्पर्धक आता एकाच मालकाकडे आहेत. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेतले 'ओशनिक' आणि 'हॉलिस' हे ब्रँडही 'ह्युइश आउटडोअर्स'कडे गेले होते.

व्यवसायाच्या पानावर ही विलीनीकरणाची बातमी ठरते. पण ज्या डायव्हरकडे जुना रेग्युलेटर आहे, त्याला वेगळीच चिंता असते. आपल्या मॉडेलचे सुटे भाग यापुढेही मिळतील का? रेग्युलेटर ठेवायचा की बदलायचा, हे बहुतेक वेळा याच उत्तरावर ठरतं.

रेग्युलेटर नेमकं काय करतो?

भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार असतो. ही हवा थेट तोंडात घेणं अशक्य आहे. सिलिंडरवर बसणारी 'फर्स्ट स्टेज' हा दाब आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इतका खाली आणते. मग तोंडात धरायची 'सेकंड स्टेज' तो पाण्याच्या दाबाइतका करते. ३० मीटर खोलीवर हा दाब ४ बार असतो.

जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये 'ॲक्वालंग' हे उपकरण तयार केलं. त्यानंतर रचना खूप बदलली, पण मागणीनुसार श्वासाला हवा देण्याचं तत्त्व तेच राहिलं.

फर्स्ट स्टेजचा मुख्य भाग म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ. नीट धुतलं, वाळवलं तर ते अनेक दशकं टिकतं. झिजतात ते आतले ओ-रिंग, व्हॉल्व्हची सीट आणि रबरी पडदा. ओ-रिंग आणि सीट सर्व्हिस किटमध्ये येतात. मॉडेलनुसार दर एक-दोन वर्षांनी किंवा सुमारे १०० डाइव्हनंतर सर्व्हिसिंग करायला कंपन्या सांगतात. म्हणजे ३० वर्षं जुन्या, पण नीट सर्व्हिस झालेल्या रेग्युलेटरमधले झिजणारे भाग नवेच असतात.

मग नव्यात वेगळं काय?

मुख्य फरक 'बॅलन्स्ड' आणि 'अनबॅलन्स्ड' रचनेचा आहे. अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडर रिकामा होत जाईल तसा श्वास थोडा जड होतो. बॅलन्स्डमध्ये तो जवळपास सारखा राहतो. खोल डाइव्हमध्ये हा फरक जाणवतो, उथळ पाण्यात फारसा नाही. म्हणूनच 'स्कूबाप्रो'ची एमके२ ही अनबॅलन्स्ड मालिका आजही 'एमके२ इव्हो' या नावाने विकली जाते.

काही जुनी मॉडेल्स सुधारताही येतात. स्कूबाप्रोची १०९ क्रमांकाची जुनी धातूची सेकंड स्टेज मुळात अनबॅलन्स्ड होती. आतले भाग बदलून ती बॅलन्स्ड करता येते. अनेक फर्स्ट स्टेजना सिलिंडरवर बसवायच्या जुन्या 'योक' पकडीऐवजी आट्यांची 'डिन' जोडणीही लावता येते.

थंड पाण्याचा मुद्दा मात्र वेगळा. दाब उतरताना हवा थंड होते, आतलं पाणी गोठून व्हॉल्व्ह उघडाच अडकू शकतो. त्यामुळे युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी असते. तिकडे डायव्हिंग करणाऱ्याने यासाठी नवा रेग्युलेटर घेणं योग्यच. कोकणातल्या कोमट समुद्रासाठी तो खर्च करण्याची गरज नाही.

जुना कधी बाजूला ठेवायचा?

• किट मिळत नसेल, किंवा ते मॉडेल उघडू शकणारा तंत्रज्ञ नसेल.
• धातूला तडा असेल, किंवा व्हॉल्व्ह बसतो त्या जागी गंज खोलवर गेला असेल.
• प्रेशर गेज, पर्यायी सेकंड स्टेज आणि जॅकेट फुगवण्याची नळी जोडायला पुरेशी तोंडं नसतील. फार जुन्या दोन नळ्यांच्या रेग्युलेटरमध्ये ही अडचण येते.
• ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा, म्हणजे नायट्रॉक्स वापरायची असेल आणि कंपनीने त्या मॉडेलला तशी मान्यता दिलेली नसेल.

रबरी नळ्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी टोकाशी भेगा पडलेली नळी बदलावीच लागते.

किट कुणाच्या हातात?

बहुतेक कंपन्या किट थेट ग्राहकाला देत नाहीत, फक्त अधिकृत तंत्रज्ञांना देतात. हे श्वासाचं उपकरण आहे, चुकीची जुळणी जिवावर बेतू शकते, हे त्यांचं कारण खरंच आहे. पण याचा परिणाम असा की कंपनीने एखाद्या मॉडेलचं किट बंद केलं, की ठणठणीत पितळसुद्धा भंगारात जातं. 'आयुष्यभर मोफत भाग' देणाऱ्या योजनांतही ठरलेल्या मुदतीत अधिकृत सर्व्हिसिंग चुकलं तर सवलत संपू शकते, आणि मजुरी द्यावी लागतेच.

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. डायव्हिंगचं साहित्य त्यात नव्हतं.

महाराष्ट्रातल्या पर्यटकांचा संबंध काय?

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली जाणारे बहुतेक जण भाड्याच्या रेग्युलेटरमधून श्वास घेतात. हंगामात तेच साहित्य रोज खारं पाणी आणि वाळू सोसतं, पावसाळ्यात दमट हवेत पडून राहतं. तिथे 'रेग्युलेटर नवा आहे का?' यापेक्षा 'शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं?' हा प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं. दोन वर्षांचा, कधीच न उघडलेला रेग्युलेटर हा वीस वर्षांच्या, नियमित सर्व्हिस झालेल्या रेग्युलेटरपेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो.

स्वतःचा रेग्युलेटर असलेल्यांनी नवा घेण्याआधी तंत्रज्ञाला दोन गोष्टी विचाराव्यात: या मॉडेलचं किट आज मिळतं का, आणि सर्व्हिसिंगचा एकूण खर्च किती? किट मिळत असेल आणि खर्च नव्याच्या किमतीपेक्षा बराच कमी असेल, तर जुना ठेवायला हरकत नाही. नवा घेतानाही हेच विचारावं: पुढच्या दहा वर्षांत याचे भाग जवळपास कुठे मिळतील?