दुकानाची पायरी, कोर्टाची पायरी

गेल्या आषाढात माझी मावशी कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानातून बाहेर पडताना ओल्या ग्रॅनाइटच्या पायरीवरून घसरली. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने शहाळ्याबरोबर एक सल्लाही आणला: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. एका पायरीने हात मोडलेल्या बाईला दुसरी पायरी चढू नको म्हणायचं आणि पहिली पायरी बसवणाऱ्याला चकार शब्द विचारायचा नाही, हे कसलं शहाणपण?

पहिला आक्षेप घरातलाच. "लक्ष कुठे होतं तुझं?" काकांनी विचारलं. लक्ष हातातल्या पिशव्यांकडे होतं. पण गिऱ्हाईक पिशव्या घेऊनच बाहेर पडतं, हे दुकानदाराला ठाऊक असतं. त्याचा धंदाच तो. पुण्यात जूनपासून पाऊस असतो, हेही त्याला ठाऊक असतं. तरीही बाहेरच्या पायरीला आरशासारखं पॉलिश, का तर दुकान श्रीमंत दिसावं. खरखरीत फिनिशचा ग्रॅनाइट बाजारात मिळतो. तो नको, तर पायरीच्या कडेला चिकटवायची पट्टी मिळते, आणि तिला मावशीच्या एक्स-रेइतकेही पैसे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप खास पुणेरी. "पाटी होती ना तिथे!" होती. "पायऱ्या जपून उतरा. घसरल्यास दुकान जबाबदार नाही." आम्हा पुणेकरांना पाटी म्हणजे ब्रह्मवाक्य. सर्वोच्च न्यायालयाला तसं वाटत नाही. दिल्लीतल्या ताज महाल हॉटेलमधून पार्किंगसाठी ताब्यात दिलेली मोटार चोरीला गेली, तेव्हा 'मालकाच्या जबाबदारीवर' असं पावतीवर छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून हॉटेलला सुटता येणार नाही, असं न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. ते प्रकरण मोटारीचं होतं, मनगटाचं नव्हे, हे कबूल. पण मोटारीची काळजी घ्यायची आणि हाडांची नाही, असं कोण म्हणेल? शिवाय ती पाटीच दुकानदाराविरुद्ध साक्ष देते. पायरी घसरडी आहे हे त्याला माहीत होतं. त्याने पट्टी लावायची सोडून पाटी लावली.

तिसरा आक्षेप भाच्याचा, म्हणजे अर्थातच अमेरिकेतून. "तिकडे कॉफी सांडली की लोक करोडपती होतात. इथेही तेच आणायचंय का?" मॅकडोनाल्ड्सच्या त्या खटल्याचा विनोद सगळ्यांना पाठ असतो, खटला कुणालाच नाही. १९९२ मध्ये ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक इतक्या भाजल्या की त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. त्या कॉफीने भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच होत्या. आणि ज्यूरीने त्यांचाही २० टक्के दोष धरून भरपाई कापली. काकांच्या 'लक्ष कुठे होतं'ला उत्तर आहे ते हेच: बेसावधपणाचा वाटा वजा होतो, दावा मरत नाही.

म्हणून पडलेल्या प्रत्येकाने दावा ठोकावा असं नाही. स्वतःच्या साडीच्या निऱ्यांत पाय अडकला, तर दुकानदाराचा काय दोष? क्षणापूर्वी दुसऱ्याच गिऱ्हाइकाने ताक सांडलं असेल, तरी बाजू लंगडीच. प्रश्न एवढाच विचारायचा: धोका मालकाला माहीत होता का, निदान माहीत असायला हवा होता का, आणि तो दूर करणं त्याच्या हातात होतं का? हाड किती मोडलं आणि दुकान किती मोठं, हे नंतर.

खर्चाची भीतीही अर्धी खोटी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा आयोगाची फी तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. मावशीचं बिल होतं ६४० रुपयांचं! वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र नुसतं बघायला आत शिरलेला माणूस ग्राहक ठरणं कठीण. त्याला दिवाणी न्यायालय गाठावं लागतं, आणि तिथे कोर्टाच्या पायरीची ती म्हण थोडी खरी ठरते. आयोगातही तारखा पडतातच.

घाई करायची ती पुराव्याची. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं दुकानाला लेखी कळवायचं. पायरीचा फोटो, बिल, पायातली चप्पल ठेवायची. मुख्य म्हणजे दवाखान्यातला केसपेपर वाचायचा. मावशीच्या पेपरवर डॉक्टरांनी सवयीने "घरात पडल्या" लिहिलं होतं. ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात. त्याच पुण्यात आज तक्रार करणारी बाई 'भांडकुदळ' ठरते.

चित्रण जपून ठेवा असं आमचं पत्र दुकानाला गेल्यावर मॅनेजर फळांची करंडी घेऊन आला. सोबत "माझी काही तक्रार नाही" असं टाईप केलेला कागद. मावशीने डाव्या हाताने सफरचंदं ठेवून घेतली आणि कागद परत दिला. "अहो, सही उजव्या हाताने करते मी," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वरच्या दोन पायऱ्यांना पट्ट्या लागल्या. मावशी घसरली ती तिसरी. ती अजून तशीच चकचकीत आहे, आणि तक्रारीचा मसुदा माझ्या टेबलावर आहे.