संख्येला तर्पण पोहोचत नाही

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा भीमेला मिळते तेथे श्रीक्षेत्र नरसिंहपूर वसले आहे. श्रीलक्ष्मीनृसिंहाचे दर्शन घेऊन भाविक संगमावर उतरतो, पितरांचे नाव-गोत्र उच्चारतो आणि ओंजळीतले पाणी नदीत सोडतो. ज्यांची नावे विस्मृतीत गेली त्यांच्यासाठीही आपल्या शास्त्रकारांनी ओंजळभर पाण्याची सोय ठेवली आहे. परंतु नाव कळण्यासारखे असता ते जाणून घेण्याची तसदी न घेणे, याला कोणत्याही शास्त्रात क्षमा असेल असे आम्हांस वाटत नाही. अशाच एका उपेक्षेकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत भिंतीत बसविलेली एक लहानशी शिला आढळते. या गावातून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकुराचा आशय. किती गेले आणि किती पडले याचा हिशेब चोख. कोण गेले आणि कोण पडले याविषयी मात्र शिला मुकी!

ही माणसे कोठे पडली? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, धाडलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पूना डिव्हिजन’ होते. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तीत होत्या. कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात महिनोन् महिने उपासमार सोसून या फौजेला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले आणि पुढील कैदेत हजारो शिपाई मरण पावले. बसरा येथे १९२९ मध्ये जे स्मारक उभे राहिले, त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली निव्वळ संख्येने नोंदला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या चौकशी अहवालात या भेदभावाची कबुली दिली. पहिल्या महायुद्धातील निदान १,१६,००० मृतांचे, मुख्यतः आफ्रिकी व मध्यपूर्वेतील सैनिकांचे, नावानिशी स्मरणच झाले नाही, असेही त्यात नमूद आहे.

ब्रिटनमधील वेल्स हा चिमुकला, डोंगराळ, स्वतःची भाषा जपणारा मुलूख. तेथील गावोगावच्या युद्धस्मारकांवर मृतांची नावे वाचावयास मिळतात. ट्राउस्फिनिद गावचा एलिस इव्हान्स हा ‘हेद विन’ या नावाने काव्य करणारा शेतकरीपुत्र ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये पडला. गावाने १९२३ मध्ये त्याचा पुतळा उभारला तो शिपायाच्या नव्हे, मेंढपाळाच्या वेषात! साम्राज्याचा शिपाई नव्हे, आपला मुलगा गेला, हेच त्या गावाने जगाला सांगितले. आमच्या गावांनी तसे सांगू नये काय?

परकीय साम्राज्यासाठी लढलेल्यांचे कौतुक स्वतंत्र भारताने का करावे, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर सरळ आहे. साम्राज्याचा गौरव करा असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू रानावर पोट भरेना म्हणून कित्येकांनी पलटणीची वाट धरली. त्यांच्यामागे राहिलेल्या आया आणि विधवा आमच्याच होत्या. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारून १९२१ मध्ये ती मोडणाऱ्या सरकारने गरज सरताच माणसे कशी विसरली, हे आपण जाणतो. तोच विसर आपण पुढे का चालवावा?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २०१९ पासून स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांच्या समाधी निगुतीने राखल्या आहेत. तेथे जाणारा पुणेकर दूरदेशीच्या तरुणांची नावे वाचून हळहळतो आणि ती हळहळ योग्यच आहे. परंतु आपल्याच तालुक्यातून गेलेल्यांची नावे त्याला कोठे वाचता येतात?

हे काम अवघड नाही. आयोगाच्या सूचीत आज अनेक हिंदी शिपायांची नावे, आणि कित्येकदा पित्याचे नाव व गावही, सापडतात. ग्रामपंचायतींनी ती काढून घ्यावीत, शाळांतील शिक्षकांनी मुलांना जुन्या घरांत चौकशीस धाडावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने पडताळणी करावी. आणि जेथे जेथे अशी शिला आहे तेथे तिच्याशेजारी, जातपात न पाहता, नावांची दुसरी शिला बसवावी. जुनी शिला हलवू नये. तीही इतिहासाची साक्ष आहे.

खर्च थोडका आहे, वेळ मात्र थोडा उरला आहे. आजोबा-पणजोबांच्या गोष्टी सांगणारी पिढी दिवसेंदिवस विरळ होत आहे. ती गेल्यावर शिलेवरील आकडा तेवढा उरेल, आणि आकड्याला कोणी हाक मारू शकत नाही.