बोकड पोसणाऱ्याला मोल द्या

कापूस बुडाला, ज्वारी करपली, की कोरडवाहू घरात शेवटी शेळी विकून उधारी भागते. म्हणून तिला गरिबाची गाय म्हणतात. पण ही गाय रिकामी राहिली तर पोसणाऱ्यालाच खाते.

शेळी सुमारे 21 दिवसांनी माजावर येते. माज एक-दीड दिवस टिकतो. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा पाला-कडबा वाया. दोन-तीन हुकले की शेळी भाकड ठरते आणि खाटकाकडे जाते. दोष पुष्कळदा तिचा नसतो. गावात धड बोकडच नसतो.

बोकडाचे काम नुसते फळवण्याचे नाही. त्याचा वास, ओरडणे, मागे लागणे यांनी शेळी माजावर येते. शेळ्या तीन-चार आठवडे अशा लांब ठेवा की बोकड दिसू नये, ऐकू येऊ नये, त्याचा वासही येऊ नये. मग तो एकदम कळपात सोडा. दोन-तीन दिवसांत बऱ्याच शेळ्यांचे बीज सुटते. हा पहिला माज पुष्कळदा फुसका. पाच-सहा दिवसांनी येतो तो खरा. म्हणून बोकड महिनाभर कळपात राहू द्या. 2014 साली टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर टोप्या बसवून वास गोळा केला. त्यातला एक पदार्थ शेळीच्या मेंदूतले माज चालवणारे केंद्र जागे करतो, असे त्यांना आढळले. खच्ची बोकडाला हा वास नसतो. आणि उपाशी, जंतांनी पोखरलेल्या शेळीवर वासाची मात्रा फारशी चालत नाही. आधी पोट.

उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या वर्षभर माजावर येऊ शकतात. आषाढ-श्रावणात कोवळे गवत असताना त्या एकदम फळवल्या, तर पाच महिन्यांनी मार्गशीर्ष-पौषात करडे एकदम होतील. दोन करडांचा भाव व्यापारी ठरवतो. गावाची पन्नास करडे एकदम उभी राहिली तर बोलणी आपल्याला करता येतात.

पण बोकड पोसायचा कोणी? अंगाने भरला की तो चाकणच्या किंवा ईदच्या बाजारात जातो. मागे उरलेला मरतुकडा गावच्या शेळ्या फळवतो. 20-25 शेळ्यांना एक चांगला बोकड पुरतो. पोसणाऱ्याने खुराक घालायचा, वास सोसायचा, आणि शेजाऱ्याने शेळी फुकट लावून न्यायची. असा फुकटाचा बोकड गावात टिकत नाही. फळवणीचे पैसे ठरवा. दर दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी बोकड बदला, म्हणजे बापाशी लेक फळणार नाही.

शेळ्या राखतात बहुधा मायबहिणी. त्यांना विचारा, आणि गावात पैदाशीचे बोकड किती ते मोजूनच जिल्हा बैठकीला या.