भयपटाचा दाराबाहेरचा प्रेक्षक

भयपटाचे वय दोन ठिकाणी ठरते. परीक्षण मंडळ ठरवते ते वय प्रमाणपत्रावर छापले जाते, आणि वितरकाच्या कचेरीत प्रसिद्धीचा आराखडा आखताना जे ठरते ते कुठेही छापले जात नाही. ही दोन वये बहुधा जुळत नाहीत, आणि ती न जुळण्यातच या व्यवसायाच्या नफ्याचा मोठा भाग दडलेला आहे. म्हणूनच चित्रपटाच्या कलेपेक्षा त्याच्या व्यापाराचा मागोवा घेणाऱ्या या स्तंभात हा विषय विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते. प्रमाणपत्र चित्रपटगृहाच्या दाराशी उभे राहून आत कोण जाईल ते पाहते. भित्तिपत्रक, ट्रेलर म्हणजे चित्रपटाची दोन-अडीच मिनिटांची झलक, बाहुली, नाचाची चित्रफीत हा सारा प्रसिद्धीचा संसार मात्र त्या दाराच्या बाहेर, मुले जिथे असतात तिथे, मांडलेला असतो.

तरुण प्रेक्षकांना भय विकण्याची पद्धत अमेरिकेत १९५०च्या दशकात रीतसर बसवली गेली. दूरचित्रवाणी संच घरोघर पोचल्यावर मोठी माणसे संध्याकाळी घरातच बसू लागली, चित्रपटगृहांची गर्दी ओसरली, आणि ज्यांना घराबाहेर पडण्याची खरी निकड होती असा एक वर्ग उरला, तो म्हणजे हाताशी थोडे पैसे आणि कधी वडिलांची मोटार असलेली शाळा-कॉलेजातली मुले. 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' या छोट्या कंपनीचे चालक जेम्स निकोल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी हा वर्ग नेमका हेरला. त्यांच्याकडे अनेकदा आधी चित्रपटाचे नाव ठरे, मग भित्तिपत्रक रंगवले जाई, आणि ते पाहून चित्रपटगृहांच्या मालकांनी उत्सुकता दाखवली की पटकथा लिहायला घेतली जाई. जाहिरातीत दिलेले वचन कसेबसे पुरे करण्यासाठी चित्रपट काढला जाई, असे म्हटले तरी चालेल. १९५७ साली आलेल्या 'आय वॉज अ टीनएज वेअरवुल्फ' या चित्रपटात माणसाचा लांडगा होण्याच्या जुन्या युरोपीय दंतकथेतला शापित पुरुष शाळकरी मुलगा झाला होता, आणि तो बदल शीर्षकातच जाहीर केला होता. सुमारे ८२ हजार डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न मिळवले.

याच कंपनीने अनुभवातून एक ठोकताळा बांधला होता आणि परीकथेतल्या कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलावरून त्याला 'पीटर पॅन सिंड्रोम' असे नाव दिले होते. मोठा मुलगा जे पाहतो ते धाकटा आवडीने पाहील, पण धाकट्यासाठी काढलेले चित्र मोठा पाहणार नाही; मुलगा जे पाहतो ते मुलगी पाहील, पण मुलींसाठी म्हणून काढलेले मुलगा पाहणार नाही; तेव्हा सर्वाधिक गल्ला हवा असेल तर एकोणीस वर्षांचा तरुण डोळ्यांपुढे ठेवावा, असा त्याचा आशय होता. मुलींविषयीचे त्यातले गृहीतक त्या काळाचे आहे आणि ते तिथेच सोडून द्यावे. वयाविषयीचे गृहीतक मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण एकोणीस वर्षांच्या तरुणावर नेम धरला की बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपोआप टप्प्यात येतो, त्याच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही आणि त्याला बोलावल्याचा आरोपही अंगावर येत नाही, हे गणित त्यात उघडपणे मांडलेले आहे. पुढच्या सात दशकांत साधने बदलली, गणित तेच राहिले.

निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल याने १९५८ च्या 'मकाब्र' या चित्रपटासाठी प्रेक्षकाला भीतीने मृत्यू आल्यास वारसांना हजार डॉलर देणारी विमा पॉलिसी काढली आणि त्या घोषणेवरच चित्रपट चालवला. अर्धशतकानंतर, २००८ साली, रामगोपाल वर्मा यांच्या 'फूंक' या हिंदी चित्रपटासाठी रिकाम्या चित्रपटगृहात एकट्याने तो पाहून दाखवणाऱ्यास पाच लाख रुपये देण्याची घोषणा झाली, ती याच परंपरेतली होती. अशा जाहिराती कथेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. त्या प्रेक्षकाच्या धैर्याला आव्हान देतात, आणि आपण आता लहान राहिलो नाही हे मित्रांसमोर सिद्ध करण्याची ज्या वयात सर्वात जास्त गरज वाटते त्या पौगंडावस्थेतल्या मुलाला हे आव्हान जितके झोंबते तितके दुसऱ्या कोणालाही झोंबत नाही. त्यामुळे 'हा चित्रपट तुमच्यासाठी नाही' ही सूचनाच आमंत्रण बनते आणि वयाचे बंधन जाहिरातीच्या कामाला लागते.

अमेरिकेत हे बंधन कायद्याचे नाही. नोव्हेंबर १९६८ पासून चित्रपट उद्योगाने स्वतःहून वर्गवारी सुरू केली, आणि तिच्यातल्या 'आर' या वर्गाचा अर्थ सतरा वर्षांखालील मुलाला पालक किंवा सज्ञान सोबती असल्याशिवाय प्रवेश नाही असा आहे. १९८४ च्या उन्हाळ्यात 'ग्रेमलिन्स' आणि 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' हे दोन चित्रपट सौम्य वर्गात प्रदर्शित झाले आणि आतली दृश्ये पाहून पालक संतापले, तेव्हा १ जुलै १९८४ पासून 'पीजी-१३' हा मधला वर्ग काढण्यात आला. तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना त्यात इशारा दिलेला असतो, पण कोणालाही अडवलेले नसते. पालकांच्या तक्रारीतून जन्मलेला हा वर्ग पुढे निर्मात्यांना सर्वात हवासा झाला, कारण त्यात भयही ठेवता येत होते आणि शाळकरी प्रेक्षकही.

उद्योगाच्या कागदपत्रांत मुलांचा उल्लेख किती सरळपणे होत असे, हे सप्टेंबर २००० मध्ये जगापुढे आले. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारानंतर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 'फेडरल ट्रेड कमिशन' या, बाजारातील फसव्या आणि अनुचित व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेला, हिंसक मनोरंजनाची जाहिरात मुलांपर्यंत नेली जाते काय याची चौकशी करायला सांगितले होते. आयोगाने हिंसेमुळे 'आर' वर्ग मिळालेले ४४ चित्रपट तपासले, आणि त्यांपैकी ३५ चित्रपटांचा रोख सतरा वर्षांखालील मुलांकडे होता असा निष्कर्ष काढला. २८ चित्रपटांच्या आराखड्यांत तर तसे शब्दांतच लिहिलेले होते. एका चित्रपटाच्या पुढच्या भागाबद्दलच्या टिपणात, पहिला भाग पाहायला दहा वर्षांपर्यंतची मुले आल्याचे दिसते, तेव्हा चाचणीत दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही विचारणे योग्य ठरेल, असा युक्तिवाद केलेला होता. मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय ज्यांना दारातून आत घेऊ नये असे याच उद्योगाने ठरवले होते, त्या मुलांची आवड मोजायला हाच उद्योग निघाला होता. दाराचीही अवस्था बरी नव्हती: आयोगाने तेरा ते सोळा वयाची मुले एकटी पाठवून पाहिली, तेव्हा सुमारे ४६ टक्के चित्रपटगृहांनी त्यांना 'आर' चित्रपटाला आत सोडले. अहवालानंतर काँग्रेसपुढे सुनावण्या झाल्या आणि पालक सोबत नसलेल्या अशा मुलांना चाचणी-प्रेक्षकांत बसवणार नाही, असे उद्योगाने मान्य केले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे, तो असा की मुलांना भीती वाटली तर बिघडले काय. कोकणातल्या किंवा घाटावरच्या घरांत मुंजा, हडळ, वेताळ यांच्या गोष्टी आजी-आजोबांनीच सांगितल्या, आणि त्यांनी पिढ्यांची कल्पनाशक्ती पोसली, हे खरे आहे. भयाची ओढ ही विकृती नव्हे. सुरक्षित जागेत बसून भीती अनुभवणे हा मोठे होण्याचा एक भाग आहे. परंतु गोष्ट सांगणारी आजी समोरच्या मुलाचा चेहरा पाहत असते, त्याने अंगावरची गोधडी वर ओढली की ती आवाज उतरवते, भुताला एखाद्या मंत्राने पळवून लावते आणि झोप लागेपर्यंत जवळ थांबते. पडद्याला समोरचा चेहरा दिसत नाही. क्रिस्टन हॅरिसन आणि जोअॅन कँटर या संशोधिकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दीडशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावर पाहिलेल्या भयावह दृश्यांविषयी विचारले, तेव्हा ९० टक्के जणांना असा प्रसंग आठवला आणि २६ टक्के जणांनी त्यातली काही अस्वस्थता अजूनही टिकून असल्याचे सांगितले. आठवणींवर आधारलेल्या अभ्यासाला मर्यादा असतात. तरीही चुकीच्या वयात बसलेला धक्का खेळ संपल्यावर संपत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

इंटरनेटने या व्यवहारात जी भर घातली तिचे सर्वात स्वच्छ उदाहरण 'मेगन' या चित्रपटाचे आहे. एका अनाथ मुलीला सोबत म्हणून दिलेली यंत्रबाहुली हिंस्र होते, अशी ही कथा. जानेवारी २०२३ मध्ये ती अमेरिकेत प्रदर्शित झाली. त्याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, झलक आली आणि तिच्यातला बाहुलीचा काही सेकंदांचा विचित्र नाच टिकटॉकवर मुलामुलींनी हजारो वेळा करून दाखवला. मूळ संहिता बरीच रक्तरंजित होती, पण झलक पसरल्यावर तिच्यात रमलेल्या किशोरवयीनांना चित्रपट पाहता यावा असे वाटणे साहजिक होते, असे पटकथालेखिका अकेला कूपर यांनी मुलाखतीत सांगितले. चित्रपट 'पीजी-१३' वर्गात आला आणि सव्वा कोटी डॉलरांच्या आत झालेल्या खर्चावर त्याने जगभरात सुमारे १८ कोटी डॉलर मिळवले. त्यानंतर काही आठवड्यांतच अधिक हिंसक अशी, कोणताही वर्ग न लावलेली आवृत्ती घरी पाहण्यासाठी उपलब्ध करण्यात आली. नाच करणारी मुले कोणाची नोकर नव्हती, त्यांनी तयार केलेल्या चित्रफिती कायद्याच्या भाषेत जाहिराती नव्हत्या, आणि तरीही प्रसिद्धीचे काम त्याच करत होत्या. जाहिरातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेला येथे हात घालायला जागा उरत नाही, आणि या स्तंभाच्या मते आजच्या परिस्थितीतली सर्वात गंभीर बाब हीच आहे.

ब्रिटनमधला अनुभव वेगळ्या दिशेने बोलतो. २०१२ मध्ये 'द वूमन इन ब्लॅक' या चित्रपटाला तेथील मंडळाकडून '१२ए' वर्ग मिळावा, म्हणजे बारा वर्षांखालील मुलेही मोठ्यांबरोबर येऊ शकतील, यासाठी वितरकाने सहा सेकंदांची काटछाट केली, काही दृश्ये अधिक काळोखी केली आणि काही ठिकाणी आवाज उतरवला. नायक होता डॅनियल रॅडक्लिफ, ज्याचा शेवटचा 'हॅरी पॉटर' चित्रपट जेमतेम सात महिन्यांपूर्वी येऊन गेला होता. पालकांनी मुलांना ओळखीच्या चेहऱ्याच्या भरवशावर नेले, आणि त्या वर्षी मंडळाकडे कोणत्याही एका चित्रपटाविषयी आलेल्या सर्वाधिक, म्हणजे १३४, तक्रारी याच चित्रपटाच्या नावावर जमा झाल्या. सहा सेकंद कापल्याने दृश्य सौम्य होते, वातावरण होत नाही, आणि भयपट तर वातावरणावरच उभा असतो. पुढच्या भागाला '१५' वर्ग देण्यात आला. २०१८ मध्ये 'इन्सिडियस : द लास्ट की' या भयपटाची जाहिरात यूट्यूबवर 'फ्रोझन'मधली गाणी आणि लेगोचे अग्निशमन केंद्र कसे बांधावे हे दाखवणाऱ्या चित्रफिती यांच्या आधी लागल्याची तक्रार झाली, तेव्हा तेथील जाहिरात मानक संस्थेने ती उचलून धरली. जाहिरातीत काय आहे याइतकेच ती कशाच्या शेजारी लागते हेही तिने मोजले, आणि ही कसोटी अनुकरणीय आहे.

भारतात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होत चालला आहे, कारण भयपट येथे आता कुटुंबाचा चित्रपट होऊ लागला आहे. रामसे बंधूंच्या काळात तो प्रौढांच्या प्रमाणपत्राखाली आणि रात्रीच्या खेळात वावरत असे. ७ जून २०२४ रोजी आलेला आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' कोकणातल्या लोककथेवर उभा होता, त्यातले भूत संगणकावर घडवलेले होते, प्रदर्शनाची तारीख महाराष्ट्रातल्या शाळा उघडण्याच्या तोंडावरची होती, आणि देशातले उत्पन्न १०० कोटींच्या पुढे गेले. चित्रपट मनापासून केलेला आहे, आणि सोडमुंज न होता मेलेल्या मुलाची आपली जुनी कथा नव्या पिढीला मोठ्या पडद्यावर दिसली याचा आनंदच आहे. पण विनोद आणि भय यांची अशी सरमिसळ झाली की आठ वर्षांचे मूल कोणत्या भागासाठी आत आले आणि कोणता भाग घेऊन घरी गेले, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. चित्रपटविषयक कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' या एका वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र हे आकडे पालकांच्या माहितीपुरते आहेत आणि पालकांखेरीज दुसऱ्या कोणी त्यांची अंमलबजावणी करायची नाही, असे कायदाच सांगतो. म्हणजे सारी भिस्त पालकावर, आणि पालकाला माहिती मिळण्याचे पहिले साधन पुन्हा जाहिरातच.

प्रौढांचे चित्रपट दूरचित्रवाणीवरून घरात यावेत काय, हा प्रश्न याच शतकाच्या पहिल्या दशकात प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता आणि न्यायालयाने त्याची गंभीर दखल घेतली होती. आज तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर येऊन थांबला आहे. चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या झलकीला परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. तीच झलक यूट्यूबवर टाकताना लागत नाही. म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. चित्रपटाला १६+ मिळाले असेल तर त्याच्या प्रत्येक अधिकृत झलकीच्या पहिल्या चौकटीत, भय कोणत्या प्रकारचे आहे या एका ओळीसह, तो आकडा दिसला पाहिजे. आणि मुंबईतच मुख्यालय असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे जाहिरात क्षेत्राने स्वतःसाठी उभारलेल्या देखरेख संस्थेने, जाहिरात कशाच्या शेजारी लागली ही ब्रिटिश कसोटी आपल्या संहितेत घ्यावी. मुले स्वतः पसरवतात त्या नाचांना आणि चित्रफितींना यातले काहीही लागू होणार नाही. पण ज्या मूळ झलकीतून ते नाच उचलले जातात ती निर्मात्याच्याच हातची असते, आणि तिच्यावर आकडा छापायला एका चौकटीपेक्षा जास्त जागा लागत नाही.