कंपाउंड शेठचं, वाट आमची



शेठने माळ घेतला, तारेचं कंपाउंड मारलं, फाटकावर पाटी लावली: 'खाजगी जागा, आत येऊ नये.' शेतावर जायची आजापणजापासूनची वाट आत अडकली. विचारलं तर सातबारा नाचवतो. सातबारा म्हणजे वाट बंद करायचा परवाना नाय! १८८२ चा ईझमेंट कायदा सांगतो, २० वर्षं उघडपणे, हक्काने, बिनअडथळा वापरलेली वाट मालकालाही अडवता येत नाही. १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण दावा अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत टाकावा लागतो. म्हणूनच शेठ गोड बोलतो, "फाटकाची चावी देतो." चावी घेतली की हक्काची मेहेरबानी झाली. चावी नको, वाट पायजे! म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, दावा टाका.